मोगऱ्याला भिंत लागते तेव्हा

कुंडी आडवी करायची. मोगऱ्याचं खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून तळवा मातीवर टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने कुंडीच्या काठावर चार थापा मारायच्या. आधी काहीच होत नाही. मग आत काहीतरी सुटल्यासारखं हाताला जाणवतं आणि साच्यातून मोदक निघावा तशी मुळामातीची अख्खी हुंडी बाहेर येते.

आणि माती कुठेच दिसत नाही!

दिसतात ती नुसती मुळं. पिवळट, तपकिरी, मधूनच एखादं दुधासारखं पांढरं. कुंडीच्या आतल्या भिंतीला चिकटून ती गोल गोल फिरलेली असतात आणि तळाशी तर त्यांची चक्क जिलबी झालेली असते. कुंडीच्या बुडाला पाण्यासाठी जी भोकं असतात त्यांचे गोल ठसेसुद्धा या जिलबीवर उमटलेले असतात. आमच्या गच्चीवरच्या आठ इंची कुंडीत हा मोगरा तीन वर्षं होता. गेल्या उन्हाळ्यात त्याने जेमतेम ओंजळभर फुलं दिली. पाणी वेळेवर, खत वेळेवर, ऊन भरपूर, तरी असं का, याचं उत्तर आता वर्तमानपत्रावर उताणं पडलं होतं.

पण आधी एक साधा प्रश्न. तीन वर्षांपूर्वी ही कुंडी मी मातीने काठोकाठ भरली होती. ती माती गेली कुठे? झाडाने खाल्ली?

गंमत अशी की हाच प्रश्न विज्ञानातल्या एका फार जुन्या प्रयोगाच्या मुळाशी आहे, आणि तो प्रयोगही कुंडीतच झाला. यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट नावाच्या फ्लेमिश वैद्याने सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून एका मोठ्या कुंडीत भरली आणि तिच्यात दोन-सव्वादोन किलोचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी दिलं. मग झाड उपटून तोललं, तर ते जवळजवळ ७७ किलो भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती फक्त ५७ ग्रॅमच्या आसपास! लिंबाएवढं वजन. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली ही हकिगत छापली गेली. झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच बरोबर होता, कारण झाडाचं बरंचसं अंग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून घडतं. आणि आपण स्वयंपाकघरात रोज उच्चारतो तो ‘गॅस’ हा शब्द कुणी घडवला? याच व्हान हेल्मोंटने. ज्याने वायूला नाव दिलं, त्याच्याच डोळ्यांसमोर झाड वायू खात होतं.

तर मोगऱ्याने माती खाल्लेली नसते. मी घातलेल्या ‘माती’त शेणखत होतं, पालापाचोळ्याचं खत होतं, आणि ते खाल्लं कोट्यवधी सूक्ष्म जिवांनी. खाता खाता त्यांनी श्वास सोडला आणि कुंडीतलं खत मूठमूठभर हवेत निघून गेलं. त्यातला थोडा कर्ब वरच्याच पानांनी पुन्हा ओढून घेतला नसेल कशावरून? रिकाम्या होत गेलेल्या जागेत मुळं शिरली. थोडी माती उरली आहे, पण ती जाळ्याच्या आत गुदमरून बसली आहे.

ही मुळं असतात तरी किती? अमेरिकेत हॉवर्ड डिटमर यांनी १९३७ साली हे चिकाटीने मोजलं. राय नावाचं गव्हाच्या कुळातलं धान्य. त्याचं एकच रोप फूटभर लांब, फूटभर रुंद आणि पावणेदोन-दोन फूट खोल अशा खोक्यात चार महिने वाढवलं. मग माती धुऊन मुळं मोजली. एकूण लांबी भरली सुमारे ६२० किलोमीटर. मुंबईहून निघालात तर पणजीला पोहोचाल आणि मुळं तरी शिल्लक राहतील. शिवाय मुळांवरचे बारीक केस, म्हणजे मूलरोम, ते वेगळेच: सुमारे चौदा अब्ज. एका रोपाला! एका खोक्यात! मोगरा काही राय नव्हे, त्याची मुळं जाड आणि संख्येने कमी. पण कुंडीकडे बघण्याची नजर बदलायला एवढा आकडा पुरे.

आता ही सगळी मुळं भिंतीलाच का चिकटलेली? मधली जागा सोडून कडेला कशासाठी धावतात? जर्मनीतल्या युलिशच्या संशोधकांनी, गुडघा-पाठीसाठी रुग्णालयात करतात तसा एमआरआय चक्क कुंड्यांचा काढला. जव आणि साखरेचं बीट कुंडीत असतानाच, मातीला हात न लावता, त्यांची मुळं त्यांना दिसली. मुळं झपाट्याने भिंत गाठतात आणि तीन चतुर्थांशांहून जास्त मुळं कुंडीच्या बाहेरच्या अर्ध्या भागातच असतात, असं निघालं. आता आपल्या एप्रिलातल्या गच्चीचा विचार करा. काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारी हात लावू देत नाही, आणि मुळांची गर्दी नेमकी त्या तापलेल्या भिंतीलाच टेकून उभी! मातीच्या कुंडीला निदान पाझरलेल्या पाण्याचा गारवा असतो. माठाचंच तत्त्व ते.

एका मुळाच्या मागे मागे जाऊ या. मुळाच्या अगदी टोकावर एक टोपी असते, अंगुस्तानासारखं काम करणारी. शिवताना बोटाला सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतो ना, तसं. मातीच्या कणांवर घासून तिच्या पेशी झिजत जातात आणि आतून नव्या येत राहतात. या टोपीतल्या काही पेशींमध्ये पिठूळ स्टार्चचे जड कण असतात. बाटलीच्या तळाशी साखर बसावी तसे ते पेशीच्या तळाशी बसतात आणि ते जिथे बसले तिकडे खाली आहे, हे मुळाला कळतं. कुंडी कलंडली की काही मिनिटांत कण घरंगळून नव्या तळाशी जातात आणि काही तासांत मूळ वळू लागतं. ना डोळे, ना कान, आणि तरी ओळंबा आहे! गवंड्याच्या हातात असतो तसाच.

मूळ गुरुत्वाकर्षणाचंच ऐकतं, हे थॉमस नाइट या इंग्रज बागायतदाराने १८०६ मध्ये फार सुंदर रीतीने दाखवलं. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकावर त्याने शेंगवर्गीय बिया बांधल्या आणि चाक सतत गरगर फिरत ठेवलं. बिया रुजल्या. सगळी मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेने वाढली आणि सगळे कोंब मध्याकडे. पाळण्यात बसल्यावर आपण बाहेर फेकले जातोय असं वाटतं ना? मुळांनी त्या बाहेरच्या ओढीलाच ‘खाली’ मानलं.

तर आपलं मूळ खाली आणि बाहेर जात जात भिंतीला लागलं. ओळंबा सांगतो खाली जा, पुढे जागा नाही, म्हणून ते भिंतीला घासत, वळत, जिन्यासारखं गोल उतरत तळाला पोहोचतं. तिथेही रस्ता बंद. मग घिरट्या.

इथे एक गोष्ट कळली की कुंडी बदलण्याचं सगळं तंत्र आपोआप कळतं. मूळ फक्त टोकाशी वाढतं. मुळावर शाईने सारख्या अंतराच्या रेघा मारायच्या, हा प्रयोग वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत असतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर टोकाजवळच्या काही मिलिमीटरमधल्या रेघा लांब गेलेल्या आणि मागच्या जशाच्या तशा. म्हणजे मागचं मूळ जाड होतं, फांद्या फोडतं, पण जागा सोडत नाही. जिथे वळलं तिथे कायमचं वळलं. ही जिलबी उचलून तशीच्या तशी मोठ्या कुंडीत ठेवली तर जिलबी जिलबीच राहील! आजूबाजूला ताजी माती असेल आणि झाड मात्र जुन्या कुंडीच्या आकारात अडकलेलं. कुंडी काढली तरी कुंडी गेली नाही, असं ते होतं.

आणि या अडकण्याची खबर वर पोहोचते. मला सगळ्यात थक्क करणारी बाब हीच वाटते. कुणी म्हणेल, मुळं दाटली तर पाणी-खत कमी पडत असेल, म्हणून झाड खुरटतं. तेही खरंच. पण मुळं कोंडलेल्या रोपांना पाणी आणि अन्न मुबलक दिलं तरी त्यांची वाढ मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे झाडाला आपल्या खोलीचा आकार कळतो!

कसा, त्याचे सगळे धागे अजून सुटे झालेले नाहीत, पण टपालाची व्यवस्था आपल्याला माहीत आहे. शेंड्यातली कोवळी पानं ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतात आणि ते खोडातून खाली मुळांकडे जातं. मुळांची कोवळी टोकं सायटोकायनिन बनवतात आणि ते पाण्याबरोबर वर चढतं. खालून येणारं पत्र फांद्यांवरच्या डोळ्यांना म्हणतं, ‘इकडे जागा आहे, फुटा.’ वरून जाणारं पत्र म्हणतं, ‘इकडे पानं आली आहेत, मुळं वाढवा.’ भिंतीला टेकलेल्या मुळांची ताजी टोकं कमी होत जातात, तशी खालून येणारी पत्रंही कमी होतात. वर डोळे फुटायचे थांबतात. आणि मोगऱ्याचं फूल येतं कुठे? नव्या फुटीच्या टोकाला. फूट नाही तर कळी नाही. माझ्या ओंजळभर फुलांचा हिशोब लागला!

मग कुंडी केवढी घ्यायची? आठ इंचाची होती, दहा इंचाची घ्या, असं माळी सांगतात. दोन इंचांनी असा काय फरक पडणार? करून बघा गुणाकार. आठ गुणिले आठ गुणिले आठ, ५१२. दहा गुणिले दहा गुणिले दहा, १०००. दोन इंच वाढले आणि माती जवळजवळ दुप्पट झाली! आणि दुप्पट मातीत काय होतं? अनेक जातींच्या रोपांवरचे प्रयोग एकत्र करून २०१२ साली काढलेला निष्कर्ष असा आहे: कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाचं वाळलेलं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं. बोटाच्या दोन पेरांएवढा फरक, आणि झाड जवळजवळ दीडपट.

असं असेल तर थेट सोळा इंची ड्रमच का देऊ नये? मोह होतो खरा. पण इथे पाणी आडवं येतं. मूळ श्वास घेतं, त्याला प्राणवायू लागतो, आणि हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. ज्या मातीत मुळंच नाहीत तिथलं पाणी प्यायला कोणी नसतं. ते तिथेच साचून राहतं, माती ओलीगच्च राहते आणि तिच्यात शिरू पाहणारी कोवळी टोकं गुदमरून कुजतात. तहानलेल्याला ओंजळीने पाजावं, विहिरीत लोटू नये.

पाण्याचा आणखी एक चमत्कार दाखवते. भांडी घासायचा नवा आयताकृती स्पंज घ्या, पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा ठेवा. पाणी टपकेल, मग थांबेल. थांबू द्या. आता न दाबता तो लांबट कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागलं! थांबलं की आखूड कडेवर उभा करा. पुन्हा गळलं! स्पंज तोच, दाबलाही नाही, मग पाणी आलं कुठून? बारीक छिद्रं पाण्याला धरून ठेवतात, पण ठरावीक उंचीपर्यंतच. त्यामुळे स्पंज कसाही ठेवा, त्याच्या तळाशी ठरावीक जाडीचा चिंब थर राहतोच. आडवा असताना जवळजवळ सगळा स्पंजच त्या थरात असतो. उभा केला की फक्त खालचा भाग.

कुंडीचंही हुबेहूब असंच आहे. पाणी घालून निथळून गेलं तरी तळाशी एक चिंब थर उरतो. आणि इथेच आपल्या आज्या-आयांपासून चालत आलेल्या एका सवयीला धक्का बसतो. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी तीन इंच दगड-विटांचे तुकडे भरायचे, ती सवय. बारीक मातीतलं पाणी भरड दगडांत सहजी उतरत नाही, ते वरच अडतं. चिंब थर नाहीसा होत नाही, तो फक्त तीन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ! भोकावर माती अडवायला एक वाकडी खापरी ठेवावी, तेवढं पुरे. बाकीची कुंडी मातीला द्यावी. उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडीत झाड जास्त सुखात का राहतं, हेही स्पंजानेच सांगितलं, नाही का?

आणि माती कुठली? शेतात सोनं पिकवणारी आपली काळी माती कुंडीत एकटी नको. ओली झाली की फुगते आणि हवेच्या वाटा बुजवते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तोडते. लाल माती, चांगलं मुरलेलं शेणखत, थोडी जाड वाळू आणि काथ्या काढल्यावर उरणारा नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट. त्यात मूठभर निंबोळी पेंड. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच सुटावा, अशी ती हवी.

आता कात्री. हात कचरतो, मला ठाऊक आहे. जिवंत मुळं कापायची? पण मागे म्हटलं तसं, वळलेलं मूळ सरळ होत नाही. तळाची जिलबी मी साधारण दीड इंच सरळ कापून टाकते आणि कडेने चार ठिकाणी वरून खाली उभे छेद देते. मग बोटांनी जाळं सैल करते. कापल्यावर काय होतं ते ऐका. मुळाचं टोक असेपर्यंत ते मागच्या फांद्यांना दबवून ठेवतं. टोक गेलं की वरून येणारं ऑक्सिन जखमेजवळ तुंबतं, आणि कापलेल्या जागेच्या मागून एकाच्या जागी अनेक नवी मुळं फुटतात. शेंडा खुडल्यावर तुळस कशी घुमारते? तेच खाली, अंधारात होतं. आणि प्रत्येक नवं टोक म्हणजे वर जाणारं नवं पत्र!

यावर विश्वास बसत नसेल तर जपानमधल्या एका पाइनची गोष्ट बघा. यामाकी कुटुंबाकडचा हा वामनवृक्ष १६२५ पासून पसरट कुंडीत आहे. पिढ्यानपिढ्या ठरावीक वर्षांनी त्याला कुंडीतून काढलं गेलं, मुळं छाटली गेली, ताजी माती दिली गेली. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला, तेव्हा तो तिथून तीन-एक किलोमीटरवर त्यांच्या रोपवाटिकेत भिंतीआड होता. वाचला. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला, ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो ठेवलेला आहे. चारशे वर्षं कुंडीत! मुळं छाटली म्हणूनच तो इतका जगला. जुनी होणारी मुळं दर वेळी तरुण होत गेली.

छाटणीनंतर पहिला आठवडाभर मोगरा मात्र नाजूक असतो. त्याला पाणी पाजतात ते मूलरोम. एकेक रोम म्हणजे एकच पेशी, आपल्या केसाहून कितीतरी बारीक आणि लांबीला जेमतेम मिलिमीटरभर. हुंडी हलली की ते हजारोंनी तुटतात. पानं मात्र वर तशीच पाणी उडवत असतात. एका वर्षी मी कुंडी बदलून लगेच उन्हात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत पानं माना टाकून बसली. माती ओली होती, पण पिणारं तोंडच नव्हतं! म्हणून वरच्या फांद्याही तिसऱ्या हिश्शाने छाटायच्या, पाणी भरपूर घालून माती बसवायची आणि कुंडी आठ-दहा दिवस सावलीत ठेवायची. हे सगळं संक्रांत सरल्यावर, थंडीत सुस्तावलेला मोगरा जागा व्हायच्या आधी केलं तर उत्तम. माघात छाटलेल्या मुळांची पत्रं फाल्गुनात वर पोहोचतात. पानांच्या बगलेत हिरवे ठिपके सुटतात, त्यांच्या फुटी होतात आणि चैत्रात त्यांच्या टोकाला कळ्या.

आमची आठ इंची जुनी कुंडी आता रिकामी झाली. पण छाटलेल्या फांद्या पडल्या होत्याच. बागेतला मोगरा सहसा बी धरत नाही. तो पसरतो फांद्यांनीच, कलमांनी, या गच्चीवरून त्या गच्चीवर. माझ्या मोगऱ्याची फांदी शेजारच्या काकूंच्या झाडाची, काकूंची त्यांच्या माहेरची. किती पिढ्या मागे गेलं तरी झाड तेच! एकच मोगरा तुकड्यातुकड्यांनी चालत आला आहे.

पेन्सिलीएवढ्या चार काड्या मी घेतल्या. खालची पानं काढली, वरची दोन ठेवली, आणि जुन्या कुंडीत वाळू मिसळलेल्या मातीत दोन-दोन डोळे गाडले. या काड्यांना एकही मूळ नाही. वरच्या दोन पानांना मात्र ते माहीत नाही. ती नेहमीसारखं ऑक्सिन खाली पाठवत राहतात. ते उतरतं, कापलेल्या टोकाशी येतं आणि पुढे रस्ताच नसतो म्हणून तिथेच साचतं. काही आठवड्यांनी एक काडी मी हळूच उपसून पाहिली. कापाच्या कडेने पांढरट फुगवटा आला होता, आणि त्यातून तांदळाच्या कण्यांएवढी तीन टोकं डोकावत होती. तिन्ही खाली वळलेली.